नववा मजला, दोरीसकट

इथे लिफ्टला नाणं लागतं. वीस तेत्री.
खिशात नाणं नसेल तर नऊ मजले पायांचे,
आणि माझ्या गुडघ्यांसाठी तक्त्यात रकाना नाही.

मी घरांची किंमत करतो, बँकेसाठी.
तिबिलिसीतला कुठलाही जिना सांगा,
डोळे मिटून आकडा सांगेन.
तळमजला: शंभरातले दहा वजा.
ओल, गजांच्या खिडक्या, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर.
शेवटचा मजला: आठ वजा,
कारण छप्पर सगळ्यांचं असतं
आणि गळती एकट्या वरच्याची.
मधले मजले तेवढे सोन्याचे.

मग अवस्था.
काळा सांगाडा, म्हणजे नुसतं सिमेंट आणि वारा.
पांढरा सांगाडा, म्हणजे गिलावा झाला, संसार बाकी.
त्यापुढे राहतं घर.
आणि सगळ्यात महाग ते नवं केलेलं,
जिथे कुणी कधी कांदा परतला असेल
असं वाटतसुद्धा नाही.

ग्लदानीतल्या त्या इमारतीत
लामाराबाईंनी दार उघडलं तेव्हा
छताखाली तीन घमेली होती, त्यातलं एक भरलेलं.
मी फीत लावली, भिंत ठोकली,
पोपडा नखाने उचलून पाहिला
(धंद्याची सवय, माणसं भेटली तरी हात शिवशिवतात).
स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबलो.
चौकटीच्या खालच्या लाकडात खाच,
बोटभर खोल, गुळगुळीत.
लिहिलं: चौकट खराब, अर्धा टक्का वजा.

"ती दोरीची आहे," त्या म्हणाल्या.

वीज नसायची ते हिवाळे.
पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढायचं, तेही दमून.
तळमजल्यावर जुंबेर, ट्रॉलीबसचा ड्रायव्हर,
बस बंद, पगार बंद, नळ मात्र चालू.
त्या वरून डबा सोडायच्या, तो भरून द्यायचा.
पुढे वीज आली, पाणी आलं,
डब्याच्या जागी टोपली आली.
खालून पाव यायचा, वरून कधी औषध,
कधी वाचून झालेलं वर्तमानपत्र,
एकदा नुसतीच रिकामी टोपली, चुकून,
तर त्याने त्यात स्वतःची टोपी घालून पाठवली.

"तीस वर्षं. तुमच्या अर्ध्या टक्क्यात बसतात का?"

मी पेन झटकलं. शाई होती तरी.

जुंबेर मार्चमध्ये गेला.
मुली परदेशात, त्यांना घर विकायचंय.
लामाराबाईंना तेच हवंय. हे विकून ते.
"आता जिने होत नाहीत. आणि नाणी साठवायचा कंटाळा आला.
तुमचे आठ वजा, त्याचे दहा वजा.
दोन माझ्या हाती उरतात ना?"
हिशोब बरोबर होता.
खाच मोजली तर दीड.
दीडात हमाल येतात, ट्रक लागतच नाही,
सामान सरळ खाली.

"मग टोपली कोण सोडणार?" मी विचारलं,
विचारायचं काही कारण नव्हतं.
"जो हे घर घेईल तो. सांगून ठेवा त्याला.
मला पाव चांगला निवडता येतो."

अर्धा टक्का खोडला.
शेऱ्यात लिहिलं: दोरीसकट.

बँकेतून फोन आला गुरुवारी.
दोरी कसली, जंगम की स्थावर,
की लिफ्टच्या दुरुस्तीचं काही आहे?
मी म्हटलं, पाहून सांगतो.

माझं घर पाचव्या मजल्यावर आहे.
दोन्हीकडून काही वजा नाही.
वर कुणीतरी खुर्ची सरकवतं, रोज, साडेदहाला.
नाव माहीत नाही.
काल खिडकीच्या लाकडावरून हात फिरवून पाहिला.
नवं केलेलं. एकदम सपाट.