तगरची सहा अक्षरं

तेरच्या शाळेत, पत्र्याखाली, आम्ही स्पर्धा भरवली:
जुन्या भाषा, जुनी चित्रं, जुन्या माणसांवर निबंध.
प्रवेश फी दहा रुपये, पोह्यांसकट.
मुख्याध्यापक म्हणाले, ग्रीक कशाला, सर?
इथं इंग्रजीच्या नावानं बोंब आहे.
मी म्हणालो, दोन हजार वर्षांमागं
कुण्या परदेशी खलाशानं
आपल्या गावाचं नाव टिपून ठेवलं, तगर म्हणून.
आपण एकदा तरी त्याच्या अक्षरांत ते लिहून पाहू.
ते म्हणाले, बरं. मंडपाचं भाडं मात्र मिळणार नाही.

माझं ग्रीक मोबाईलवरचं.
रात्री, घरचे झोपल्यावर, मोरीच्या दिव्याखाली पुटपुटलेलं.
उच्चार बरोबर की चूक, देव जाणे;
चूक काढायला दोनशे मैलांत माणूस नाही.

पोरांना मी अक्षरं अशी दिली:
टाऊ म्हणजे बुजगावणं,
आल्फा म्हणजे राखणीची खोप,
गॅमा वाऱ्यानं वाकलेला विजेचा खांब,
ऱ्हो म्हणजे कुऱ्हाड, दांड्यावर उभी.
बुजगावणं, खोप, खांब, खोप, कुऱ्हाड, खोप.
लिहा, म्हणालो, झालं गाव.
मागच्या बाकावरून आवाज आला,
सर, ह्यात विहीर कुठाय?

विश्वंभर कुंभारानं रांजण काढला,
दारूचा, समुद्रापलीकडून आलेला,
दोन कानांचा, खाली निमुळता, टोकदार.
काढला हुबेहूब, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं:
असं बूड केलं तर बा मुस्काडीत मारील.
धाराशिवहून आलेल्या परीक्षक बाई हसल्या,
मग चष्मा काढून बराच वेळ ते बूड बघत बसल्या.
विचारलं, मग हा उभा कसा राहत असेल रे?
तो म्हणाला, वाळूत रोवून. नाहीतर दुसऱ्याच्या खांद्याला टेकून.
जहाजात गर्दी आसंल ना, बाई.

कौसर तांबोळी सातवीतली.
तिनं मुळाक्षरं म्हणायची होती, चोवीस, न अडखळता.
आल्फा म्हणाली, आणि थांबली.
बीटा म्हणाली, आणि पुन्हा थांबली.
डेल्टाला तिला हसू आलं.
सर, ही तर आमच्या नानांची पोरं.
अलिफ, बे, दाल. पुढं लाम, मीम.
नाना मला ह्यांनाच घेऊन बसवत्यात मगरिबनंतर.
एवढंच की ही डावीकडून चालत्यात.
कुठं गेली होती इतके दिवस?

मला उत्तर माहीत होतं.
फिनिशियन व्यापारी, वगैरे.
फळ्यावर नकाशा काढायला मी उठलोही,
पण ती तोवर पुढं गेली होती,
लॅम्डा, म्यू, न्यू,
ओळखीच्या गल्लीतनं जावं तशी,
कुणाच्या दारात थांबत, कुणाला नुसतं बघून हसत.
झायला मात्र अडली.
हे आमच्यात नाही, म्हणाली, आणि वेळ संपली.

पहिला नंबर लातूरच्या मुलीला गेला.
भाषण पाठ होतं, हातवारेही पाठ होते.
विश्वंभरला तिसरा. कौसरला उत्तेजनार्थ,
एक पेन आणि स्टीलचा डबा.
निकाल वाचताना मी तिच्याकडं पाहिलं नाही.
ती डब्याचं झाकण लावून, काढून,
पुन्हा लावून बघत होती.

सोमवारी सकाळी एस.टी. थांब्यावर
तेर लिहिलेल्या पाटीखाली खडूनं कुणीतरी
सहा अक्षरं ओढलेली.
कंडक्टर विचारत होता, ही कसली खूण? वीजवाल्यांची का?
बुजगावणं उभं होतं. दोन खोपी नीट.
खांब वाकलेला, कुऱ्हाड दांड्यावर.
शेवटच्या खोपीला आडवा बांबूच नव्हता.
आडवी रेघ गेली की आल्फाचा लॅम्डा होतो,
आणि गावाचं नाव तगर राहत नाही,
तगर्ल असं काहीतरी होतं.

दोनशे मैलांत चूक काढणारा मी एकटाच.
खिशात खडू होता, बोटांनी चाचपला.
कंडक्टरनं घंटी वाजवली.
मी खडू तसाच राहू दिला
आणि गाडीत चढलो.