शेरा

निपाणीत, आमच्या बोळाच्या तोंडाला
न्यायबेले अंगडीची पाटी. कानडी अक्षरांखाली
कुणीतरी खडूनं 'रेशन' लिहितं,
पुसलं की परत लिहितं. मी नाही लिहीत,
मला दुकान उघडायचं असतं.

वडलांच्या वह्या सतरा.
पहिलीत लाल जोंधळा, कार्डं चौऱ्याण्णव.
भूपाल चौगुल्यांचं अक्षर बारीक, कण्यांसारखं;
आकड्याखाली रेघ, रेघेवर रॉकेलचा डाग.
शेवटचा रकाना 'शेरा',
तो बोटभर रुंद.

तंबाखूचा भाव पडला त्या साली
रांग वखारीच्या कोपऱ्याला वळसा घालून गेली,
असं आई सांगते.
वहीत तेवढंच : दोनशे अठ्ठ्याऐंशी.

मग उतरत गेलं. पोरं इचलकरंजीला मागावर गेली,
साखर वाटीवर आली, पामतेल बंद.
एकशे साठ.
वडील म्हणाले, गाव वर आलं.
आई म्हणाली, गाव कुठलं वर येतंय,
तांदळात खडे वर आले.

तांदूळ रुपयाला झाला, पुढं फुकट,
आणि वहीतली माणसं परत आली, लेकरंबाळं घेऊन.
तीनशे बारा.
दूधगंगेपलीकडं दिलेली बहीण विचारते,
तुमच्याकडं किती किलो?
आमच्याकडं किती, ते ती सांगत नाही.

रंगव्वा आपला तांदूळ पायरीवरच विकते
इडलीवाल्याला, आणि जोंधळा घेते.
भाताचं पोट नाही तिचं.
वहीत तिचीही 'उचल' झाली, वेळेवर, पूर्ण.
मधे काही महिने तांदळाऐवजी खात्यावर पैसे आले
तेव्हा दुकानात माशा होत्या
आणि ती बँकेच्या पायरीवर, पासबुक उलटं धरून.

मग यंत्र आलं.
हुसेनबी चाळीस वर्षं विड्या वळते.
पान कापायचं, भरायचं, दोरा आवळायचा,
दिवसाला हजार.
अंगठा नदीतल्या गोट्यागत गुळगुळीत.
यंत्र म्हणतं, जुळत नाही.
उजवा. डावा. पदराला पुसून. कपाळाला घासून.
रांग मागं कुरकुरते.
"अंगठाबहाद्दर म्हणायचे मला," ती हसते,
"आता बहाद्दरच राहिली बघ."

बोळातल्या अकरा जणी तशाच.
महिनाअखेर : दोनशे चौऱ्याण्णव.

तालुक्याचा माणूस आला, चहा घेतला,
मोबाइलवर एक रेघ दाखवली खाली येणारी.
सुधारणा आहे, म्हणाला.
मी वही पुढं केली. शेऱ्यात लिहिलं होतं :
अंगठा झिजला.
हे कारण बसत नाही, म्हणाला.
मयत आहे, स्थलांतर आहे, इच्छा नाही आहे.
यातलं एक घाला.

मी पेन झटकलं, शाई येत नाही म्हणून सांगितलं.
त्यानं आपलं दिलं.
ते चालत होतं.

काल हुसेनबी नातीला घेऊन आली.
नाव घातलंय कार्डात, सहावीत आहे, जास्मिन.
पोरीनं अंगठा टेकवला, आणि यंत्र
पहिल्या झटक्यात बोललं.
कोऱ्या अंगठ्यावर रेघा कशा स्पष्ट,
नुकत्या पेरलेल्या रानासारख्या.

तांदूळ मापताना मी विचारलं, सुट्टीत काय करतेस?
पोरीनं आजीकडं बघितलं.
नखाच्या कडेला पिवळट डाग होता,
सुपापुढं बसणाऱ्यांना असतो तो.
मी वहीत उचल लिहिली.
शेऱ्यात काही नाही.