ब्रिजखालचा ठोकळा

गिटार पालथी घातली, मागची पट्टी काढली
तर आत तीन स्प्रिंगा
आणि एक ठोकळा, राखाडी, जस्ताचा.
हसन शिकलगारांनी तो तळहातावर उडवला, झेलला.
"हलका हाय," म्हणाले, "ह्यात सूर न्हाई थांबायचा.
पाव्हण्यागत येतोय, च्या न पिता जातोय."

उद्यमनगरात त्यांचं लेथ.
पंपाचे शाफ्ट, ट्रॉलीच्या पिना, चरकाचे दात,
चाळीस वर्षं लोखंडाची किंकाळी,
त्यात दोन्ही कान गेले.
माणसांचं बोलणं ते ओठांवरून वाचतात.
गिटार त्यांनी अशी ऐकली:
कोंबडीची धरावी तशी तिची मान धरली,
शेंड्याचं लाकूड दातांत पकडलं
आणि मला खुणावलं, मार.

मी जाड तार छेडली.
डोळे मिटून ते बोटांवर मोजत राहिले.
सातव्या बोटाला दात सोडले.
"मेली."

मग कोपऱ्यातल्या भंगारात हात घातला.
"पितळ घालू? गोड बोलंल.
पोलाद घालू? तोंडावर बोलंल.
तुझं तू ठरीव."
मी हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो,
तोंडावर बोलणाऱ्याला तिथं कुणी ठेवत नाही.
तरी म्हणालो, पोलाद.

सहा तारांची सहा भोकं.
पाचवं केसभर सरकलं
तेव्हा त्यांनी शिवी हासडली,
ठोकळ्याला नाही, स्वतःच्या चष्म्याला.
स्प्रिंगा तीनच्या पाच झाल्या.
दांडी दाबली की सूर खाली वाकायचा
आणि सोडली की
बरोबर आपल्या जागेवर येऊन बसायचा,
पूर्वी उंबऱ्यातच घुटमळायचा तो.

राहिली भुणभुण.
लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत
अक्काताई मगदूम पाण्याच्या मोटरी वायंडिंग करतात.
जळक्या वार्निशच्या वासात
त्यांनी पिकअपला कान लावला नाही,
अॅम्पला लावला, आणि हसल्या.
"ही माझ्या वळखीची हाय.
मळ्यातली मोटर अशीच रडती.
तीच लाईट, तेच पन्नास झटके."

तार आणली ती केसाएवढी.
खात्री करायला त्यांनी अंबाड्यातला एक केस ओढून
शेजारी धरला.
मी सांगितलं होतं,
वेढे जादा झाले की आवाज जाड होतो,
घोंगडी पांघरल्यासारखा,
कमी झाले की बारीक, पण लख्ख.
सहा हजार चारशेला लाईट गेली.
काउंटर शून्यावर.
पुढचे वेढे त्यांनी हाताने फिरवले, अंदाजानं,
पिठात पाणी घालावं तसे.
किती घातले ते त्यांना माहीत नाही,
मलाही नाही,
आणि तोच आता माझ्या गिटारीचा आवाज आहे.

दुसरं कॉइल उलट्या अंगानं भरलं.
"भांडणारी दोघं एका बाकड्यावर बसीव,
दोघंबी गप."
चुंबकही पालथं घातलं,
नाहीतर भुणभुणीबरोबर सूरही गप्प झाला असता.
दोन्ही पिकअप एकदम लावले
आणि खोलीत इतकी शांतता झाली
की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणं ऐकू आलं.

सुट्टीच्या दिवशी, लेथ थंड असताना,
मी पुन्हा उद्यमनगरात गेलो.
शिकलगारांनी शेंडा दातांत धरला.
मी मारली.
पाच. सात. नऊ.
दहा बोटं संपली, अंगठ्यापासून पुन्हा सुरुवात.
बाहेरून टेम्पो गेला,
माझ्या कानांतला सूर केव्हाच विरला होता.
मी पट्टा काढायला लागलो
तसा त्यांनी हात वर केला.
थांब.
दातांत लाकूड असल्यानं शब्द नीट फुटेना:
"हाय. आजून हाय."

मी चांगल्या कानांचा माणूस
तिथं काही ऐकू न येता उभा राहिलो.

मग त्यांनी दात सोडले,
शेंड्यावरची ओल बनियनच्या टोकानं पुसली.
"तुकड्याचं पैसं नगं.
ड्रिलचं बिट गेलं माझं,
त्याचं ऐंशी दे."