पाण्यात सोडा

नायना सांगायचे, पाण्यात सोडा, सोड्यात पाणी नाही.
आधी हौद भरायचा, मग पसा पसा पापुद्रे टाकायचे
तोंड बाजूला करून.
उलटं केलं की उसळतो.
इरय्या दुडमचा डावा डोळा असाच गेला,
अशोक चौकामागच्या रंगखान्यात.
नळ चार दिवसांनी आला होता,
सगळ्यांनाच घाई.

मे महिन्यात सारं सोलापूर करपतं
आणि पिंपातला सोडा घामेजतो.
हवेत नसलेली ओल
कुठून हुडकून आणतो कोण जाणे,
दुपारपर्यंत पापुद्र्यांचा चिखल.
झाकण उघडं राहिलं तर
आपलाच उच्छ्वास पिऊन पांढरी खपली धरतो,
मग कपडे धुण्यापुरता उरतो.

हत्तुरे बाईंनी नववीत फळ्यावर लिहिलं:
मिठाचं पाणी, त्यात वीज.
एका कांडीवर क्लोरीन, दुसरीवर हायड्रोजन,
मागे राहतो तो हा.
मी घरी पळत आले, नायना, हा मिठाचा पोरगा!
"मग खाल्ल्या मिठाला जागत का नाही?"
म्हणाले, आणि बोटं माझ्या गालाला लावली.
गुळगुळीत, साबणासारखी.
साबणासारखी कसली, साबणच.
तेल मिळालं की तो साबण करतो, बाई म्हणाल्या होत्या.
पुस्तकात उदाहरण खोबरेलाचं होतं.

हिरवट सूत हौदातून वर काढायचं,
वारा लागला की निळं.
तो निळा टॉवेल वीस धुण्यांत हलत नाही.
रेशनच्या यंत्राने मात्र
नायनांचा अंगठा चारदा नाकारला.
उजवा, डावा, मग तर्जनी,
धोतराला पुसून, जिभेला लावून.
"रेषाच नाहीत की हो, मामा."
मागे विड्या वळणाऱ्या बायकांची रांग.
त्या आपापल्या बोटांकडे बघत उभ्या.

कुडलच्या संगमावर गुरुजी म्हणाले,
सोडा आता. पाण्यात सोडा.
मी मडकं तिरपं केलं
आणि तोंड बाजूला.
ओली राख बोटांना लागली.
अंगठ्यावर चोळून पाहिली,
ओळखीची होती.

परतीच्या जीपमध्ये कुणी फार बोललं नाही.
सात वाजता नळ येणार होता,
हौद भरायचा होता.