भांगाचे दिवस

रेनच्या इस्पितळात डॉक्टर त्रेगेरनी
कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली.
डावीकडे चार औषधं, उजवीकडे दोन.

चार म्हणजे दर चौदा दिवसांनी,
आणि नंतर कमरेला बाटली बांधून
दोन दिवस घरात वावरायचं.
दोन म्हणजे ओळीनं तीन गुरुवार, चौथा मोकळा.
चारांचा मार मोठा. महिनेही थोडे जास्त.

थोडे म्हणजे?

त्यांनी आकडा सांगितला, आणि लगेच म्हणाल्या,
हा मधल्या माणसाचा आकडा.
सगळ्यांना रांगेत उभं केलं
तर निम्मे त्याच्या अलीकडे थांबतात.

गुल्वेन इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता.
त्यानं विचारलं, रांगेत शेवटचा कोण होता?
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
त्याचं नाव आमच्याकडे नसतं, म्हणाल्या.

मग त्रासांची यादी.
उजवीकडे केस जाणं, बोटं बधिर होणं.
डावीकडे थंडी:
फ्रिजचं दार, लोखंडी कडी, नळाचं पाणी,
हात लावाल तिथे सुया.
(पुढे पुढे तिथेही बोटं बधिर होतात,
हे त्या खाली बघून म्हणाल्या.)

केस तसेही वाऱ्यानं नेलेत.
पण कांकालच्या किनाऱ्यावर त्रेचाळीस वर्षं
हा माणूस कालवं उघडतोय,
आणि शिंपल्याच्या सांध्यात सुरी कुठे शिरते
ते डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतं.
आणि गार नसलेलं असं
त्याच्या धंद्यात काहीच नाही.

घरी येईपर्यंत गाडीत तो एकच वाक्य बोलला:
दुखणारी बोटं चालतील, मुकी नकोत.

रात्री जेवणाच्या ताटांशेजारी
त्यानं बंदराचं भरतीचं वेळापत्रक उघडलं.
उधाणाला समुद्र लांब हटतो,
तेव्हाच खालच्या रांगांमधली कामं होतात.
भांगाला पाणी धड येत नाही, धड जात नाही,
माणूस घरी बसतो.
त्यानं पेन्सिलीनं भांगाचे दिवस गोल केले.
चौदा दिवसांनी एक, चौदा दिवसांनी एक.
बघ, म्हणाला, ह्यांची चार औषधं
चंद्राला विचारून नेमलीत.
भांगाला विष घेईन,
उधाणापर्यंत हात माणसात येतील.

मी भांडी विसळत होते.
चंद्राचा हिशेब चौदाचा नाही,
पावणेपंधराचा आहे,
हे त्यानंच मला लग्नाच्या वर्षी शिकवलेलं.
दर फेरीला पाऊण दिवस सरकणार.
मी ओल्या बोटांवर मोजलं.
दहावी बाटली ऐन उधाणात.

सांगावं की नाही म्हणत
मी तोच काचेचा पेला तीनदा पुसला.
मग सांगितलं.

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली.
दहावी? म्हणाला.
दहावीपर्यंत आलो
तर त्या दिवशी एनोराला धाडू कालवांवर.
तिला सुरी धरता येत नाही अजून.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून
लोकरीचे हातमोजे आणले, दोन जोड.
एक फ्रिजवर ठेवला.
दुसरा मी विचारलं नाही कुणासाठी.
लहान मापाचा होता.