सूतभर फट

लोक म्हणतात, आयोवा म्हणजे सपाट.
लॅडी प्रूखा म्हणतो, थापा.
सपाट फक्त ही काच,
जुन्या कॉफी टेबलाची,
तळघरात दिव्याखाली आडवी,
आणि तिच्यावर पोट टेकून
त्याची लाल बोट, हातभर लांब.

शेपटीकडचे दोन स्क्रू तो सैल करतो.
दांडा वर सरकतो, खाली सरकतो, कलतो.
अंदाजपंचे काही नाही.
पत्त्याचं पान घालून बघतो, काढून बघतो.
'पंख्याचा आस तळाच्या पातळीत.
अर्धा पंखा पाण्यात, अर्धा वाऱ्यावर.
पुरता बुडाला तर नुसता राबतो.'
शेपूट खाली कललं
की ही बाई पाण्यात नाक खुपसते;
वर कललं तर नाक वर करून सुटते
आणि एका झुळकीत उताणी.

मग नाणी.
पाच सेंटचं, दहा सेंटचं, एकावर एक,
पंख्यामागची कडी आणि नळीचं तोंड
यांच्या मध्ये.
'एवढी फट हवीच.
पिळाच्या तारेचा आस हा. भार आला की पिळतो,
पिळला की आखडतो.
जागा नसेल तर लोखंड लोखंडाला खातं.'
नाणी काढतो. फट राहते.
ग्रीसचं बोट माझ्या बाहीला पुसतो.

रविवारी खाणीच्या तळ्यावर मार्लिस येते.
त्याची बायको. समोरच्या घरात राहते,
रस्त्यापलीकडे, अकरा वर्षं.
स्टॉपवॉच तिच्याकडे, थर्मास त्याच्याकडे.

पहिल्या फेरीत बोट बेडकासारखी टुणटुणली.
तो काही बोलला नाही. मी तर नाहीच.
'नाक टिकत नाहीये तिचं,'
मार्लिस म्हणाली, घड्याळाला सांगावं तशी.
त्याने चिखलात गुडघा टेकून
पाव आटा फिरवला.
पाव म्हणजे पावच.

दुसऱ्यांदा
आधी बोट गेली, मग तिचा आवाज,
मागे पाण्याचा पिसारा माणसापेक्षा उंच,
आणि तळ पाण्याला शिवत होता तो कसा,
तर इस्त्री तापली का बघणारं ओलं बोट
शिवतं तसा.
वळणावर मार्लिसचा श्वास अडकला,
तो मला ऐकू आला.

तिने आकडा सांगितला.
त्याने मान हलवली,
झाकणात कॉफी ओतली
आणि दोघांच्या मधल्या दगडावर ठेवली.
वाफ गेली.
मग तिने ती उचलली.