खंदक क्रमांक चार

पिपल्याहानाकडच्या शेतात, माघ संपताना,
करडईच्या एका झाडाला खेटून आम्ही खड्डा घेतला.
झाड माझ्या कमरेइतकं. काटेरी, फुलावर आलेलं.
पेरल्यापासून त्याला कुणी पाणी दिलेलं नाही.

भेरूलाल खणतो, मी मोजते.
पहिली वीत नुसता भुगा.
दुसऱ्या फुटाला ढेकळं.
तिसऱ्याला कुदळ एका चकचकीत फटीवर घसरते.
काळ्या मातीचे हे आतले गाल,
फुगता-आटताना एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले.
मूळ त्यांच्यामधून चपटं होऊन गेलंय,
बंद दाराखालून सरकवलेल्या पत्रासारखं.

मग फवारणीच्या पंपाचं बारीक पाणी.
मातीवर जोर करायचा नाही, तिची समजूत घालायची.
एकेक तंतू उघडा पडतो
आणि मला दरवेळी ओशाळल्यासारखं होतं,
झोपलेल्या माणसाचं पांघरूण ओढल्यासारखं.

“बाई, यो तो हजू नीचे जई रियो हे.”
पाचव्या फुटावरून भेरूलाल.
वरून त्याची फक्त टोपी दिसते.

मुळाच्या टोकालाही टोपी असते, मी वर्गात सांगते.
ती झिजते, तिच्या पेशी गळतात,
गळताना बुळबुळीत होतात,
म्हणून मागच्यांना वाट मिळते.
टोक स्वतः फारसं पीत नाही.
पिणारे केस त्याच्या मागे, बोटभर अंतरावर,
आणि तेही चार दिवसांचे.
मुलं लिहून घेतात. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देतं.

एक गोष्ट मी परीक्षेला विचारत नाही.
रात्री पानांची तोंडं मिटली
की खोलवरचं पाणी मुळांतून वर येतं
आणि वरच्या कोरड्या मातीत थोडं पाझरतं.
शेजारचं हरळीचं गवतही त्यातलं पितं.
हे कुणाच्या खात्यावर मांडायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहाव्या फुटाला पिवळा मुरूम लागला.
मूळ आता शिवणाच्या दोऱ्याएवढं.
भेरूलालनं पंप बंद केला,
विडी विझवून कानावर ठेवली,
बोटानंच माती सारू लागला.
मी वर श्वास धरून.

तुटलं.

वहीत रकाना आहे: ‘खोली’.
अकरा वर्षं मी तिथे आकडे भरतेय,
एक मीटर सत्तर, एक नव्वद, दोनला दोन कमी.
सगळे आमच्या हातांचे आकडे.
झाडाचा त्यात एकही नाही.
आज आकड्यापुढे लिहिलं:
येथे तुटले. पुढे आहे.

भेरूलालनं खड्डा बुजवला,
आधी मुरूम, मग ढेकळं, वर भुगा,
ज्याची जागा त्याला.
झाड एका बाजूच्या मुळांवर उभं होतं,
जरा कलतं.

घरी आल्यावर तीनदा हात धुतले.
नखांतली माती निघत नाही.
भिजली की ती फुगते,
आणखी घट्ट बसते.